पानांना घातलेले टाके

आमच्या मिशन हॉस्पिटलात नवा पेशंट आला की आधी घाबरायचा तो डॉक्टरांच्या टोपणनावाला. सगळे त्यांना ‘झाडपाला डॉक्टर’ म्हणायचे, त्यामुळे हे ऑपरेशन करणार की काढा पाजणार, अशी शंका यायचीच. मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. “हात सोन्याचा आहे त्यांचा, घाबरू नका,” हे मला दारातच सांगावं लागे.

माणूस देवाच्या कामासाठी म्हणून समुद्र ओलांडून आला, पण वाटेत झाडं दिसली आणि तिथेच रमला. रविवारचं प्रवचन क्षमेवर सुरू होऊन शेवाळावर संपायचं. पेशंट बघायला बाहेर पडले की सायकल एका झाडाखाली आणि डॉक्टर दुसऱ्या झाडावर. आणलेली पानंफुलं ते जाडजूड वैद्यकीय ग्रंथांखाली दाबून वाळवत. त्या ग्रंथांचा दुसरा उपयोग मी तरी फारसा पाहिला नाही. एकदा तर घाईत पानांचं पुडकं जखमेच्या पट्ट्यांच्या, गॉजच्या ड्रममध्ये ठेवून मोकळे झाले. ड्रम जंतू मारायच्या वाफेतून, ऑटोक्लेव्हमधून आला, मी टेबलाजवळ उघडला, तर आत शिजलेली पालेभाजी! मी असा आवाज चढवला की टेबलावरचा पेशंट भुलीतून जागा व्हायचाच बाकी राहिला. डॉक्टर मात्र चिमट्याने एकेक पान उचलून हळहळत होते.

वाळलेली रोपं ते कागदावर शिवत. डिंक चालायचा नाही. ऑपरेशनमधला उरलेला दोरा, वाकडी सुई आणि देठावर बारीक, एकसारखे टाके. हे रोज सकाळी, पहिल्या ऑपरेशनच्या आधी. ते कागद कपाटात लावायचं काम माझ्याकडे. मी कुरकुरत करायचे, पण टाके बघत राहावेसे वाटत, खोटं कशाला बोलू?

त्यांचे केस पांढरे झाले, आणि मग टाके बिघडले. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण एके दिवशी नेच्याच्या पानाच्या देठाभोवती कागदाला नुसती भोकं पडलेली दिसली आणि कळलं, हा चष्मा नव्हे, हात आहे. आणि त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या गळ्यातली गाठ काढायची होती. ती शाळेत शिकवते. आवाजाची नस त्या गाठीला खेटूनच जाते; तिला धक्का लागला तर आवाज गेलाच. आणि बाईसाहेबांचा हट्ट: “ताई, झाडपाला डॉक्टर करणार असतील तरच. दुसऱ्या कुणाच्या हातात मी गळा देणार नाही.”

मी तो कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेले. एरवी त्यांच्यावर ओरडायला मला कारण लागत नसे, त्या दिवशी कारण हातात होतं तरी ओरडले नाही. कागद टेबलावर ठेवला. त्यांनी उजवा हात हळूच खिशात घातला.

“केव्हापासून?”

“झाले काही महिने. हल्ली मी पानावरच ठरवतो. टाके नीट आले तर थिएटरमध्ये येतो. नाहीतर पोट दुखतं म्हणून सांगतो आणि धाकट्या डॉक्टरांना पाठवतो.”

“आणि मी तुमच्यासाठी मऊ भात करून घालतेय!”

ते हसले, पण हसू टिकलं नाही. “तुमच्या बहिणीच्या ऑपरेशनच्या दिवशी हात चांगला असू दे, अशी प्रार्थना करतोय.”

“आणि नसला तर?”

“सुरी खाली ठेवली तर मी इथे कोण, सिस्टर?”

मला भडभडून आलं. तरी म्हटलं, “तिला तिचा आवाज हवाय, डॉक्टर.”

त्यांनी तो कागद माझ्याकडे परत सरकवला. मग उठले आणि वॉर्डात जाऊन स्वतःच बहिणीला सगळं सांगितलं. ती रडली, रुसली, शेवटी म्हणाली, “तुम्ही समोर उभे राहत असाल तर चालेल.”

ऑपरेशन धाकट्या डॉक्टरांनी केलं. झाडपाला डॉक्टर समोर उभे राहून फक्त बोलत होते, “सावकाश. ती पांढरी नस दिसतेय ना, तिला सांभाळा.” सुरीकडे त्यांनी एकदाही हात नेला नाही.

नंतर ते घरी गेलेच नाहीत. बहिणीच्या खाटेजवळ स्टुलावर बसून राहिले, डोक्यावरची टोपी काढायचंही भान नव्हतं. मी आणलेला चहा तसाच राहिला. बहिणीने डोळे उघडले, त्यांच्याकडे बघितलं आणि बसक्या पण अगदी स्पष्ट आवाजात दटावलं, “डॉक्टर, चहा गार होतोय.”

भल्याभल्या ऑपरेशनांत ज्यांचा चेहरा हलला नाही, ते ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊन रडले. बहिणीला वाटलं, आपल्यासाठी. तिच्यासाठी होतंच. पण त्यांनी सुरी कायमची खाली ठेवली होती, उद्यापासून ते थिएटरमध्ये येणार नव्हते, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिले.