शशिकलाबाईंचं काम

मल्हारगंजातल्या बायका साड्या फॉल-पिको करायला शशिकलाबाईंकडे टाकत. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. घरात मात्र त्याला कोणी काम म्हणत नसे. आजेसासरे होळकरांच्या दप्तरात होते, आणि नवरा, पंढरीनाथ, धान्याच्या पेढीवर कारकून असला तरी घराणं तेच होतं. कोणी विचारलंच तर शशिकलाबाई म्हणत, जरा टाके घालते, वेळ जातो.

तीस वर्षं त्यांनी पायाने मशीन चालवली. मग उजव्या खुब्याचा सांधा झिजला. मशीननेच, असं मुलगी यामिनी म्हणे. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही. सांधा बदलावा लागेल, एवढंच सांगितलं. सरकारी दवाखाना, त्यामुळे ऑपरेशन फुकट, पण नवा सांधा बाहेरून विकत आणायचा. किंमत ऐकून पंढरीनाथांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. गरिबांसाठीचं सरकारी उपचारांचं कार्ड असेल तर सांधाही फुकट मिळेल, असं डॉक्टर म्हणाले.

यामिनी आईला धरून धरून कार्डाच्या केंद्रावर घेऊन गेली. तिथल्या अर्पितने कॉम्प्युटरवर दोनदा शोधलं. नाव नव्हतं. त्याला नवल वाटलं. कार्डाची यादी जुन्या गणतीवरून केलेली, आणि तिच्यात घरी शिलाई करणाऱ्यांची घरंसुद्धा घेतली होती, मग तुमच्याकडे कोणी आलं नव्हतं का, त्याने विचारलं.

आलं होतं. शशिकलाबाईंना ती दुपार आठवली. गणतीवाला दारात दिसताच त्यांनी मशीनवर क्रोशाचा रुमाल टाकला, वर फुलदाणी ठेवली. त्याला कपबशीत चहा दिला. काम काय करता, तर गृहिणी. त्याची नजर त्यांच्या पदराला चिकटलेल्या धाग्यांवर गेली. त्याने पुन्हा विचारलं, सिलाई-विलाई करता का? तेव्हा त्यांना रागच आला होता. आमच्यात बायका लोकांची कामं करत नाहीत, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं.

केंद्रात मागे रांग होती. शशिकलाबाईंनी टेबलाला धरलं.

"लिही रे बाबा आता. सिलाई करते मी. लग्न झाल्यापासून करते."

रांगेतलं कोणीतरी हसलं. अर्पित हसला नाही.

"नया नाम इसमें नहीं चढ़ता, आंटीजी. सत्तर की हो जाओ, फिर सबका बनता है."

शशिकलाबाई चौपन्नाच्या होत्या.

घरी येताना रिक्षात यामिनी कंपनीतून लोन काढायचं म्हणत होती. तिची नोकरी पक्की नव्हती. शशिकलाबाई बाहेर बघत होत्या. लोन तुला कोण देणार, असं त्यांनी एकदाच विचारलं. यामिनीने मोबाइल काढला आणि परत पर्समध्ये ठेवला.

पंढरीनाथांनी पेढीच्या शेटजींकडे पैशांचं विचारून पाहिलं. शेटजींनी मालिशच्या तेलाचं नाव सांगितलं.

उन्हाळ्यापर्यंत शशिकलाबाईंना खाली बसता येईना. संडास जुन्या पद्धतीचा. मग एका रविवारी पंढरीनाथ बाजारातून मध्ये भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. भाव करूनच आणली होती. खाटेशेजारी ठेवली, हलवून पाहिली.

"बसून बघ," ते म्हणाले.

शशिकलाबाई त्यांच्या खांद्याला धरून बसल्या. यामिनी स्वयंपाकघरात निघून गेली.

"उंची बरोबर आहे," शशिकलाबाई म्हणाल्या.

त्यानंतर ऑपरेशनचं नाव त्या घरात कोणी काढलं नाही.