घंगाळाची कल्हई

पारोळ्यात कल्हई करणारा आता एकच माणूस उरला होता, हिलाल. लोक त्याला हिलालनाना म्हणत. स्टीलची भांडी आली तेव्हा त्याच्या बरोबरीच्यांनी भाते मोडीत काढले. कुणी रसवंती टाकली, कुणी सुरतेला गेलं. हिलाल राहिला. अलीकडे शहरातल्या माणसांना तांब्यापितळेचं पुन्हा वेड लागलं, तशी धुळ्या-जळगावहून गाड्या येऊन त्याच्या दारात थांबू लागल्या. बायको प्रमिलाबाई भाता ओढायची, तो कथील फिरवायचा. चाळीस वर्षांत दोघांचे हात असे जुळले होते, की एकमेकांना काही सांगावं लागत नसे.

चार वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी भाविका वारली. धुळ्याला नर्सिंग शिकत होती. पावसाळ्यात ताप आला, डोक्यावरचे केस मूठमूठ गळाले आणि बाराव्या दिवशी सगळं संपलं. एकवीस वर्षांची पोर. तेव्हापासून प्रमिलाबाईंचं बोलणं कामापुरतं उरलं. हिलालही तिच्यासमोर पोरीचं नाव काढत नसे.

चैत्रात चोपड्याकडून फोन आला. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागांमध्ये एक गाव आहे, तिथला प्रेमराज बोलत होता.

"नाना, मनी माय गयी. विहिरमा."

पलीकडून प्रेमराज सांगत होता, "घंगाळनी कल्हई एक जागी उडी गयी. रुपयाएवढी टिकली. मायनी त्यामा आप्पाले देखं. चार दिवस म्हने, तुना बाप बोलाई राह्यना. तुम्हले येनंच पडी."

आंघोळीच्या घंगाळाला कल्हई कुणी करत नाही. खायचं-प्यायचं भांडं असेल तरच कल्हई. पण प्रेमराजच्या घरच्या त्या घंगाळाला दर बारा वर्षांनी आतून कल्हई करावी लागे, आणि ते काम हिलालच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. ते कुणी घडवलं, कुणासाठी घडवलं, हे सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. उघड्या तांब्यात बघितलं की आपलं गेलेलं माणूस दिसे. हाक मारी. आणि ज्याने बघितलं तो चार-आठ दिवसांत पाण्याची वाट धरी. कल्हई म्हणजे त्या घंगाळाच्या डोळ्यावर ओढलेलं झापड. अडचण एवढीच, की नवी कल्हई चढवायची तर आधी जुनी घासून तांबं उघडं करावं लागतं.

हिलालचा बाप रुपचंद ते काम डोळ्यांना फडकं बांधून करायचा. हात थकले तेव्हा त्याने लेकाला समोर बसवून सांगितलं होतं, "बघायचं नाही. हाकेला ओ द्यायची नाही. आणि हात थांबवायचा नाही. हात थांबला की ते जागं होतं."

"मग वितळवून का टाकत नाहीत?" हिलालने विचारलं होतं.

"माझ्या आज्याने वितळवायला काठाचा तुकडा कापला होता. त्या तुकड्यातून पण हाक यायला लागली. आणि पाण्यात बुडवलं तर अख्खी विहीर घंगाळ होईल. ते आंधळं ठेवायचं, एवढंच आपल्या हातात."

हिलालने दोनदा ते काम केलं होतं. पहिल्या वेळी त्याचं जवळचं कुणी गेलेलंच नव्हतं, त्यामुळे काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या वेळी बापाचा खोकला ऐकू आला, पण बाप पिकलं पान होऊन गळलेला. हिलालचे हात चालत राहिले. या खेपेला मात्र हाक कुणाची येणार, हे त्याला फोन ठेवतानाच कळलं होतं.

भात्याऐवजी विजेचा पंखा न्यावा म्हटलं, तर त्या गावात दिवसा लाईट नसायची. आणि रात्री ते घंगाळ उघडं करायची छाती कुणाची होती? भाता ओढायला माणूस लागणारच होतं. प्रमिलाबाईंनी न विचारताच भाता पोत्यात बांधला.

एसटीत हिलालने तिला सांगितलं, "ते भांडं वाईट आहे. तुझ्या पण डोळ्यांना फडकं बांधीन. काही झालं तरी सोडायचं नाही."

"असं काय आहे त्यात?"

"विषारी धूर होतो," हिलाल म्हणाला.

खरं सांगितलं तर ती मुद्दाम बघेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो खोटं बोलला.

प्रेमराजने घंगाळ खळ्यात आणून ठेवलं होतं. वर गोधडी, गोधडीवर दगड. घरातली माणसं त्याने शेजाऱ्याकडे पाठवून दिली होती, आणि भट्टीचा खड्डा दाखवून तोही निघून गेला. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन चटकत होतं, पण खळ्यात एक चिमणी नव्हती.

हिलालने प्रमिलाबाईंच्या डोळ्यांवर फडकं बांधलं, मग स्वतःच्या. चाचपत गोधडी ओढली आणि वाळू-चिंचेने घासायला बसला. जुनं कथील निघत गेलं तसं बोटांना तांबं लागू लागलं. एवढ्या उन्हात ते विहिरीच्या तळासारखं गार होतं. भाता फुसफुसत होता, निखारे तडतडत होते.

आणि मग अगदी त्याच्या हाताखालून आवाज आला.

"आबा."

हिलालने दात दातांवर रोवले. हात चालू ठेवला.

"आबा, मी आठेच शे. माय उनी का?"

भाविका घरी अशीच बोलायची, 'इथेच आहे'ला 'आठेच शे', 'आली'ला 'उनी'. कॉलेजातलं शुद्ध बोलणं उंबऱ्याबाहेर ठेवून यायची. हिलालचं फडकं डोळ्यांवर भिजलं. तो जोरजोरात घासत राहिला, त्या खरखरीत आवाज बुडावा म्हणून.

भाता थांबला.

"पमे, भाता ओढ," तो ओरडला.

वाळूवर पावलं वाजली. प्रमिलाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिचा श्वास घंगाळाच्या काठावर वाकला. तिने फडकं सोडलं होतं.

"हासी राह्यनी हो," ती म्हणाली. चार वर्षांत त्याने तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "देखा ना. भाविका हासी राह्यनी."

"बघू नको. फडकं बांध!"

"जराखा थांबा. माले देखू द्या. एकदाच."

हिलालने तिला ढकलायला हवं होतं. घंगाळ निखाऱ्यांवर ओढायला हवं होतं. बापाचे शब्द त्याला आठवत नव्हते असंही नाही. पण त्याचे हात थांबले. आणि डोळ्यांवर फडकं तसंच ठेवून, मान खाली घालून त्याने विचारलं,

"कशी दिसस ती?"

"केस वाढी ग्यात तिना," प्रमिलाबाई म्हणाली. "पार कंबरपावत."

किती वेळ ते दोघं तसे बसले, त्याचा हिशोब हिलालला कधी लागला नाही. निखाऱ्यांवर राख चढली तेव्हा तो भानावर आला. त्याने चाचपत बायकोचा दंड धरला, तिला मागे ओढून आडवं पाडलं आणि तिच्या पाठीवर गुडघा रोवला. एका हाताने भाता ओढला, दुसऱ्याने घंगाळ तापवलं. नवसागर टाकला, पांढरा धूर नाकात गेला, कथील फिरलं. कापसाचा बोळा जळून बोटांची कातडी सोलली तरी त्याने हात काढला नाही. खालून प्रमिलाबाई आक्रोश करत होती, आणि घंगाळातली पोर "आबा, डोया झाकू नका" म्हणत होती. कथील काठापर्यंत पोचलं तसा तो आवाज बंद झाला.

परतीच्या एसटीत ती शांत होती. हिलालला वाटलं, निभावलं. पण तापीच्या पुलावर गाडी चढली आणि ती उठली.

"कंडक्टर भाऊ, थांबवा. पोर खाली उभी आहे."

हिलालने तिचं मनगट पकडलं. तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मागच्या सीटवरचे दोन बाप्ये उठले तेव्हा कुठे ती आवरली. पूल सरेपर्यंत हिलालने तिचं तोंड आपल्या छातीशी दाबून धरलं होतं. तिने त्याच्या खांद्याला चावा घेतला, रक्त आलं, तरी त्याने सोडलं नाही.

त्यानंतर त्याने काम बंद ठेवलं. घरातल्या माठावर, बादल्यांवर झाकणं टाकली आणि झाकणांवर दगड. तो तिला डोळे मिटून पाणी प्यायला लावी, स्वतः न्हाऊ घाली. रात्री तिचा पदर आपल्या मनगटाला बांधून झोपे. पंधरा दिवस उलटले, महिना उलटला. एका सकाळी ती आपण होऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "भूक लागली." हिलाल ओट्यावर जाऊन मुसमुसून रडला. त्या घंगाळात बघून वाचलेलं माणूस त्याने कधी ऐकलं नव्हतं.

पण त्याच आठवड्यात प्रेमराजची पिकअप दारात थांबली. मागे गोधडीत बांधलेलं घंगाळ होतं.

"नाना, बारा वरीसनी कल्हई एक महिनामा उडी गयी," तो म्हणाला. "घरमा धाकला पोरं शेतस. माले हाई आते ठेवता येत नाही. नही ते डोहमा टाकी देस."

कल्हई का टिकली नाही, हे हिलालला विचारायची गरज नव्हती. हात कुणाचे थांबले होते, ते त्यालाच ठाऊक होतं. त्याने घंगाळ उतरवून घेतलं.

आता ते त्याच्या मागच्या खोलीत असतं. आधी कल्हई महिनाभर टिकायची. मग पंधरा दिवस. आता दर मंगळवारी करावी लागते. खोलीची किल्ली त्याच्या करगोट्याला असते. त्या दिवशी तो प्रमिलाबाईंना बहिणीकडे पाठवून देतो, विजेचा पंखा लावतो, दार आतून बंद करून डोळ्यांना फडकं बांधतो. त्याने अजून एकदाही बघितलेलं नाही, हाकेला ओही दिलेली नाही. शपथेवर सांगेल.

फक्त शेजारपाजारचे म्हणतात, नाना म्हातारा झाला. अर्ध्या तासाचं काम, पूर्वी चहा गार व्हायच्या आत उरकायचा. आता सकाळी दार लावतो ते दुपार कलली तरी उघडत नाही, आणि आतून घासल्याचा आवाजसुद्धा येत नाही.