जीपचं रबर आणि काकवीची बरणी

चहाचा घोट आधी गिळून घ्या मंडळी, मग सांगतो. नंतर नाकातून आला तर मला बोल लावायचा नाही! अहो, हातभर रबरापायी मी सख्ख्या नातीचं जमत आलेलं लग्न मोडायला निघालो होतो. आणि मोडायचं मनात होतं का? छे! उलट मदत करत होतो. घोळ मदतीतच होतात.

मी मांजरीचा. शाळा दुसरीपर्यंत, पुढचा जन्म उसाच्या गुऱ्हाळावर. माझी नात सायली मात्र इंजिनियर. तिनं एक जुनी जीप घेतली. तिचा वरचा टप बोल्ट काढले की झाकणासारखा उचलून ठेवता येतो. उन्हाळ्यात काढायचा, पावसाळ्यात बसवायचा. पण टप आणि गाडी यांच्या मधलं रबर पार गेलेलं. पाऊस आला की आत बसणाऱ्याच्या मांडीवर धार!

नवरामुलगा बिबवेवाडीचा, सायलीच्या हापिसातला. त्याची आई कुंदाताई, शाळेतल्या निवृत्त बाई. जीप बघून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "मुलगी छान आहे. गाडी मात्र दूधवाल्याची वाटते."

हे सायलीला लागलं. रविवारी मुलाचे आईवडील आमचं घर बघायला येणार होते. ती म्हणाली, "आजोबा, मी त्यांना जीपमधूनच आणणार. एकदा बसल्या की मत बदलेल त्यांचं." नव्या रबराचा खोका येऊन पडलेला, पण गॅरेजवाला आठ दिवस थांबा म्हणाला.

"मी बसवतो की!" मी म्हणलं. "गुऱ्हाळाच्या इंजनाचं पॅकिंग जन्मभर कुणी बदललं?"

"फक्त चिकटवायचंय आजोबा. आत कागद आहे, त्यावर चित्रं आहेत," असं म्हणून ती कामावर गेली.

शेजारच्या चौघांनी टप उतरवून दिला. मी खुरप्याच्या टोकानं जुनं रबर खरवडलं, कडा पुसल्या. घाई नाही. दुपार त्यातच गेली. मग नवं रबर काढलं. काळंभोर, आणि पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल चकचकीत प्लॅस्टिकची पट्टी.

आता मला सांगा, नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक कुणी काढतं का? आमच्या फ्रिजचं प्लॅस्टिक फ्रिजबरोबरच भंगारात गेलं. सोफ्याचं प्लॅस्टिक माझ्या मुलानं एकदा फाडलं, तर त्याची आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही! मग या रबरावरचं फाडणारा मी कोण? म्हणलं, धूळ बसू नये म्हणून दिलं असंल.

कागदावरच्या चित्रात एक हात पट्टी ओढत होता. मी समजलो, रबर ताणून बसवायचं. मग ताणलं. असं ताणलं की शेवटी वीतभर उरलं! म्हणलं, बघा, काटकसर झाली.

पण चिकटेना. लावावं की पडतंय, लावावं की पडतंय.

"अगं," मी मंडळीला हाक मारली, "कंपनीवाले गोंद द्यायला विसरलेत."

"मग फोन करा की त्यांना."

"कशाला एखाद्या बिचाऱ्याची नोकरी घालवायची!"

असा मी दयाळू. गुऱ्हाळावर काकवी सांडली की चप्पल तिथंच राहायची आणि माणूस अनवाणी पुढं जायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. उठलो आणि बरणी काढली.

"काकवी कशाला घेतलीत?"

"गाडीला."

ती माझ्याकडं बघत राहिली. "का? डिझेल संपलं?"

काकवी चुलीवर आटवून घट्ट केली, बोटानं कडेकडेनं लावली, वर रबर दाबलं. काय चिकटलं म्हणता! चौघांनी टप चढवला, मी बोल्ट आवळले. संध्याकाळी सायलीनं दार उघडून पाहिलं आणि मला मिठीच मारली. "आजोबा, एकदम फिट! पण वास कसला येतोय?"

"नव्या रबराचा," मी म्हणलं. देव मला क्षमा करो.

रविवारी आणायला मीही गेलो. कुंदाताई पुढं सायलीशेजारी बसल्या. मागं मी आणि मुलाचे वडील. शांत माणूस, पांढराशुभ्र सदरा.

"गाडीत गूळपोळ्या करता का तुम्ही?" कुंदाताईंनी विचारलं.

मी खिडकीबाहेर बघितलं.

थोड्या वेळानं वडील म्हणाले, "अगं, इथं मुंग्या आहेत."

"असतात एकदोन," मी म्हणलं.

"एकदोन नाहीत हो. रांग आहे."

"रांग?" कुंदाताई मागं न वळता म्हणाल्या. "मधे कुणी घुसत नसेल तर बघण्यासारखी आहे. पुण्यात मिळत नाही बघायला."

हडपसर आलं आणि पाऊस आला. सायली ऐटीत म्हणाली, "आता बघा, एक थेंब येणार नाही." तिचं बोलणं संपायच्या आत पहिला थेंब आला. सदऱ्यावर पडला. तपकिरी! मग दुसरा. मग धारच. आणि ताणलेलं रबर पाण्यानं सुटून आखडायला लागलं. पुढच्या काचेवरची पट्टी एका बाजूनं निसटली आणि सपकन कुंदाताईंच्या गळ्यात! हार घातल्यासारखी.

सायलीनं गाडी कडेला घेतली. डोळे भरले होते पोरीचे. मला वाटलं, पावसाबरोबर आपणही गटारात वाहून जावं.

कुंदाताईंनी रबर हातात घेतलं. हुंगलं. बोट चाटलं. "काकवी आहे," त्या म्हणाल्या. "बरी आहे." मग लाल पट्टीखाली नख घातलं आणि सर्रकन ओढली. खाली गोंदच गोंद! "अहो आजोबा, हे काढायचं असतं."

"नव्या वस्तूचं प्लॅस्टिक..." मी पुटपुटलो.

"समजलं. आमच्या गादीवर अजून आहे. हे कुशीवर वळले की सगळं घर जागं होतं."

त्या हसल्या की काय, पाठीमागून दिसेना. बाकीचा रस्ता जीपमध्ये छत्री उघडून बसल्या. घरी आल्यावर मी तोंड लपवून कोपऱ्यात बसलो. म्हणलं, मोडलं. पोरीचं माझ्या हातानं मोडलं.

चहा झाला. कुंदाताई म्हणाल्या, "कागद आणा. याद्या आजच करून टाकू."

याद्या! म्हणजे लग्न ठरलं! सायली लाजली, मंडळी डोळे पुसू लागली. कुंदाताईंनी दोनच ओळी लिहिल्या आणि कागद माझ्या हातात दिला. "देणंघेणं काही नाही. अट एकच. थोरले तुम्ही, तुम्हीच वाचा."

मी चष्मा लावला. अक्षराखाली बोट धरून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं सुरू केलं. "व-धू-च्या... आ-जो-बां-नी... या-पु-ढे... को-ण-त्या-ही... वा-ह-ना-ला... हा-त... ला-वू... न-ये."

माझं वाचन हे असं. शेवटच्या अक्षराला पोचेपर्यंत पहिली अक्षरं गावाला गेलेली असतात. मी कागद खाली ठेवला आणि ठासून म्हणलं, "मान्य! रास्त अट हाय. असल्या माणसाला गाडीजवळ फिरकूसुद्धा देऊ नये. कोण हाय तो?"