हार घातलेला फोटो

"दत्ताराम, तुमचे स्नायू फुटून रक्तात उतरलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या पुण्याच्या. कुवेतच्या हॉस्पिटलात मराठी कानावर पडलं आणि मला रडूच फुटलं. आजाराचं नाव रॅब्डोमायोलिसिस. म्हणजे मार बसून किंवा उष्णतेनं स्नायू फुटतात, त्यांचा गाळ किडनीत अडकतो आणि लघवी बंद होते.

मी तिथल्या मीना अल-अहमदी तेल रिफायनरीत पाइप फिटर. ऐन उन्हाळ्यात पाणी न पिता काम रेटलं. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर अब्बासिया वस्तीत माझ्यासोबत राहणारे खोलीवाले म्हणाले, "उष्णता झालीय, सब्जा घे." सब्जा पीत बसलो आणि वेळ घालवला. बाबांनो, असला शहाणपणा करू नका. रंग बदलला की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मग डायलिसिस. रक्त बाहेर काढून मशीनमध्ये धुवायचं, परत आत सोडायचं. शेजारच्या खाटेवर युसुफ मास्तर. एका अरब देशातले. देशाचं नाव लिहीत नाही, त्यांची आई तिथंच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघांचा आजार एकच. तुम्हाला उन्हानं झाला, त्यांना दांडक्यांनी."

तिथं हुकूमशहाच्या वाढदिवसाला पोरांना आणि मास्तरांना बसमध्ये कोंबून मैदानात नेत. झेंडे वाटत, हजेरी घेत, टाळ्या थंडावल्या की मागून ढोसत. त्या वर्षी युसुफ मास्तर आणि त्यांचे काही सोबती टाळ्या न वाजवता नुसते खाली बसले. हातात साधा खडासुद्धा नव्हता. त्यांना मैदानामागे नेऊन मांड्या फुटेस्तोवर बडवलं. "दो आदमी उधरही खलास," मास्तर बाजारात शिकलेल्या हिंदीत म्हणाले आणि भिंतीकडे वळले. तशाच अवस्थेत लपतछपत ते कुवेतला पोचले.

एका सकाळी त्यांच्या वकिलातीतला साहेब आला, बरोबर फोटोग्राफर. काखेत हुकूमशहाची मोठी तसबीर, तिला प्लास्टिकच्या फुलांचा हार. मास्तरांनी ती छातीशी धरून हसायचं, आम्ही पेशंटांनी टाळ्या वाजवायच्या. फोटो तिकडच्या पेपरात येणार: बघा, कुणी कुणाला मारलेलं नाही. बदल्यात मास्तरांच्या आईला त्रास देणार नाहीत. हे सगळं मला मागाहून कळलं.

मास्तरांनी डोळे मिटून हात पुढं केले. मी तापात होतो, मला दिसला तो फक्त हार. आमच्या गावात माणसाच्या तसबिरीला हार म्हणजे माणूस गेला. मी कसाबसा उठून बसलो, हात जोडले आणि साइटवरच्या अरबीत हळहळून विचारलं, "हादा बाबा मात? कधी?" हादा म्हणजे हा, मात म्हणजे वारला, एवढं मला येत होतं.

मग मास्तर हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. पुढं केलेले हात त्यांनी मागं घेतले. "ला," म्हणाले. नाही. साहेब लालबुंद होऊन तसबिरीसकट चालता झाला. फोटोग्राफरनं जाताना हसू आवरायला ओठ दाताखाली दाबला होता.

"अरे देवा! मास्तर, आता आईचं कसं?" संध्याकाळी मास्तरांनी तो सौदा सांगितला, तेव्हा मी म्हणालो.

"टाली मत बजाना, ये अम्मीच बोला था," ते म्हणाले. "आज मैं भूल रहा था."

पुढं माझी लघवी सुटली. केरळी सिस्टरनं ती बाटली तीर्थासारखी उंच धरून सगळ्यांना दाखवली. मास्तरांची किडनीही हळूहळू सुधारली. पण वकिलातीनं पासपोर्ट वाढवून दिला नाही, कुवेत सोडावं लागलं. जाताना त्यांनी मला आपला छोटा फोटो दिला. त्यानंतर काही कळलं नाही.

आता मी गावी आहे. डॉक्टरीणबाईंची, त्या सिस्टरची रोज आठवण काढतो, आणि तांब्याभर पाणी पिऊनच उन्हात पाऊल टाकतो. मास्तरांचा फोटो मोठा करून आमच्या आईवडलांच्या शेजारी लावलाय. पहिल्या दसऱ्याला बायको सगळ्यांना हार घालत त्यांच्यापाशी आली, तेव्हा मी तिचा हात धरला. "ह्यांना नको गो. ह्यांची अजून खबर नाही."

तेव्हापासून ती दर दसऱ्याला बाकीच्यांना हार घालते आणि मास्तरांचा फोटो नुसता पुसते.