एकोणतिसाव्या रोज्याचा चांद

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या चाचींवर, मी अकरावीला गेले त्या उन्हाळ्यात, एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी. नजर अधू झालेल्या चाची ईदचा चांद दरवर्षी माझ्या दुर्बिणीतून बघायच्या. त्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्यांना जिन्यातच अडवलं, "भाडेकरूंना गच्ची बंद." भाडेकरू आम्हीही होतो, पण मी दुर्बीण घेऊन वर गेले तेव्हा मला कुणी हटकलं नव्हतं. गच्चीची फरशी तापलेली, वाऱ्यावर भज्यांचा वास, पश्चिमेला नखाएवढी कोर. जिन्यातून चाचींची हाक आली, "दिख्या क्या बेटा?" दिसला होता. मी सेक्रेटरीला भिऊन गप्प राहिले. चाचींनी पुन्हा कधी विचारलं नाही, मीही दुर्बीण माळ्यावर टाकली. चाची आता नाहीत. काल गारखेड्यातल्या माझ्या आताच्या घराच्या अंगणात नवी दुर्बीण लावली, कोर सापडली, आणि दाखवायला कोणी नव्हतं. तुमच्या जिन्यात असं कुणाला अडवलं, तर तिथंच तोंड उघडा.