पंपाच्या खोलीतला केरू

निखिलच्या डब्यात पोळी-भाजी भरत होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असून न वाजवणारा आमच्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस, केरू.

"वहिनी, वर कुळकुळ वाजतंय म्हणाला होतात ना?"

केरू गुहागरकडचा. इथे आखातात, अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगचा एसी तो बघायचा. गच्चीवर पाणी गार होतं, पंप ते घरोघर फिरवतो आणि छतातला पंखा त्या गार नळ्यांवरची हवा खोलीत सोडतो. नळीत हवा अडकली की पाणी पुढे सरकत नाही. मंदीत नोकऱ्या गेल्या तशी माणसं बॅगा भरून गेली आणि गावाला जाताना करतात तसे दिसतील ते सगळे कॉक बंद करून गेली, एसीचेसुद्धा. मग राहिलेल्यांच्या घरी नळ्या कुरकुरायच्या आणि केरू मजलेच्या मजले हिंडायचा.

त्याच्या कंपनीचा मालकही असाच एका शुक्रवारी गेला. ऑफिसला कुलूप, आत केरूचा पासपोर्ट. व्हिसा संपला. घरमालक म्हणाले, पंप चालू ठेव, पंपाच्या खोलीत राहा, इन्शाल्ला बघू. तेव्हापासून केरू बिल्डिंगबाहेर पडलेला नाही. भाजी हनीफ वॉचमन आणून द्यायचा. गच्चीवरून आपल्या कॉन्सुलेटचा झेंडा दिसतो. तिथून घरी जायचा कागद मिळतो हे त्यालाही माहीत होतं, पण वाटेत पोलिसांनी राहण्याचं कार्ड मागितलं तर?

"केरू अंकल, इट्स जस्ट देअर," निखिल बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"होय बाबा, दिसतंय तर रोज," केरू स्टुलावर चढत म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. टोरांटोहून अनुपमा. समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायची, नवऱ्याची नोकरी गेल्यावर लहानग्या ओवीला घेऊन दोघं तिकडे गेली. तिच्याकडे रात्र होती. मी स्पीकर लावला.

"अगं, इथला रेडिएटर खाली गरम आणि वर बर्फ. ओवी स्वेटर घालून झोपलीय. माणूस सोमवारी येणार म्हणे."

"ताई, मी केरू. हवा धरलीय त्यानं. इथं गार पाणी, तिथं गरम, एवढाच फरक. आधी हीटिंग बंद करून निवू द्या, नाहीतर हात भाजेल. वरच्या कडेला बारीक चौकोनी स्क्रू असेल. खाली फडकं धरा आणि चावीनं जरासाच सैल करा. काढू नका हां."

"चावी? ड्रॉवरमध्ये घड्याळाच्या चावीसारखी एक आहे."

"तीच. फुस्स होईल, होऊ द्या. पाणी आलं की लगेच आवळा. मग बॉयलरवरचा दाबाचा काटा बघा. फार खाली गेला असला तर पाणी भरावं लागेल, ते मात्र तिथल्या माणसाला करू द्या."

"केरू, तूच ये ना इकडे. जेवायला घालते."

"गल्लीच्या टोकापर्यंत कुणी पोचवलं तर बघू, ताई."

आमची हवाही निघाली. मगात पाणी पडलं, कुळकुळ थांबली. निखिल शाळेला गेला. केरूनं बाकीच्या खोल्याही बघितल्या; तासाभरानं चहा ओतला, तेवढ्यात अनुपमाचा फोन आला, वरपर्यंत गरम झालं म्हणून.

केरूनं कप तसाच धरून ठेवला. "वहिनी, रविवारपासून नवी कंपनी येतेय. त्यांची माणसं, त्यांची कुलपं. खोली खाली करायला सांगितलीय."

"मग?"

"घरमालक म्हणाले, खलास. तू तुझं बघ." त्यानं कप खाली ठेवला. "हनीफला विचारलं, कॉन्सुलेटपर्यंत येतोस का. पण आम्ही दोघे एकटे बाप्ये, आम्हाला पहिलं अडवतात. बरोबर घरची बाई असली की कुणी विचारत नाही, असं हनीफच म्हणतो."

तो दाराकडे बघत होता.

"उद्या सकाळी भाजीला निघाल ना, तेव्हा माझ्याबरोबर कॉन्सुलेटच्या दारापर्यंत चालाल का? पिशवी मी धरतो."