ऐंशी मिलिव्होल्टचा आरोपी

व्हॅक्यूमराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. प्रयोगशाळेतलं निर्वात भट्टीचं यंत्र सतरा वर्षं तेच चालवत, म्हणून ते चिकटलं. "यंत्रातली हवा काढता काढता थोडी माझ्या डोक्यात शिरली," असं ते स्वतःच सांगत आणि दुसरं कुणी हसायच्या आत स्वतः हसून घेत.

तिथे पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकाचे सोलर सेल बनत. काचेवर स्फटिकाचा पातळ थर, म्हणजे फिल्म, चढवायच्या फिल्मवाल्या बाई, वयाने व्हॅक्यूमरावांच्या लेकीएवढ्या. त्यावर कार्बनचा थर चढवायचे व्हॅक्यूमराव. उन्हाने सुटलेले इलेक्ट्रॉन त्या थरातून पुढे जात. पण सेलचं व्होल्टेज यायला हवं त्यापेक्षा ऐंशी मिलिव्होल्ट कमीच भरायचं.

व्हॅक्यूमरावांचा निकाल तयार होता: बाईंच्या फिल्ममध्ये खोट आहे, इलेक्ट्रॉन तिथेच गडप होतात. चहाच्या टेबलावर महिनाभर हे त्यांनी इतक्या ठासून सांगितलं की ते साहेबांच्या कानावर गेलं. "गुरुवारच्या बैठकीत पुरावा दाखवा," साहेब म्हणाले, "फिल्मचं काम दुसरीकडे देऊ."

घरी त्यांनी ही मर्दुमकी बायकोला ऐकवली.

"मिक्सर बंद पडला तेव्हा मीच आरोपी होते," ती भाजी निवडत म्हणाली. "प्लग तुम्ही काढला होता."

"ते प्रकरण वेगळं."

"तुमचं प्रत्येक प्रकरण वेगळंच असतं."

पुराव्याची रीत सोपी. निळा प्रकाश टाकला की चांगला थर स्वतः लालसर उजळतो. इलेक्ट्रॉन वाया जात असतील तर मंद पडतो. बुधवारी व्हॅक्यूमरावांनी आधी नुसत्या फिल्मची काच ठेवली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती निखाऱ्यासारखी फुलली. मग स्वतःचा थर चढवलेली ठेवली. ती विझायला आली.

काचा उलटसुलट झाल्या असणार. त्यांनी चिठ्ठ्या तपासल्या. त्या त्यांच्याच हातच्या, आणि ते अक्षर जगात फक्त त्यांनाच लागायचं. नव्या काचा घेतल्या. चष्मा पुसला. चौथ्या वेळीही तेच. इलेक्ट्रॉन बाईंच्या फिल्ममधून धडधाकट येत होते आणि व्हॅक्यूमरावांचा थर जिथे टेकतो, त्या सांध्यावर माना टाकत होते.

चित्रं फक्त त्यांनीच पाहिली होती. पुसून टाकायला एक बटण पुरे होतं. ते बराच वेळ स्टुलावर बसून त्या बटणाकडे बघत राहिले.

गुरुवारी त्यांनी चारही वेळची चित्रं पडद्यावर लावली. "फिल्म निर्दोष आहे, साहेब. दोन वर्षं मी पाहुण्यांना माझ्याच उंबऱ्यावर आडवं करत होतो आणि वर महिनाभर रस्ता खराब म्हणून बोंबलत होतो."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "काका, महिनाभर मला धड झोप नाही."

यावर व्हॅक्यूमरावांना विनोद सुचला नाही. "चुकलो," एवढंच ते म्हणाले.

फिल्मचं काम बाईंकडेच राहिलं. दोन्ही थरांच्या मध्ये नॅनोमीटरभर जाडीचा आडपडदा घालायची युक्तीही त्यांचीच. ऐंशीतले साठ परत आले.

"उरलेले वीस कुठे गळतात?" साहेबांनी विचारलं.

व्हॅक्यूमरावांनी सवयीने बोट उचललं, ते कुणाकडे वळतंय हे पाहिलं आणि खाली घेतलं. "आधी निळ्या प्रकाशात माझीच काच ठेवा," ते म्हणाले.